परिपत्रकातलं शेवटचं कलम

कॉलेज कशानं सुरू होतं, असं कोणालाही विचारा. कोणी घंटेनं म्हणेल, कोणी मुलांनी म्हणेल, फार तर प्रवेशाच्या रांगेनं म्हणेल. आमचं सुरतेचं कॉलेज मात्र दर जूनमध्ये एका कागदानं सुरू व्हायचं आणि तो कागद मी काढायचे. मुलं यायच्या आधी काही दिवस प्राध्यापक आणि बाकीचे कर्मचारी हजर होतात. त्यांच्यासाठी परिपत्रक निघतं. सुट्टीत कोण निवृत्त झालं, कोण नवं आलं, कोणाकडे लग्न झालं, स्टाफरूममधल्या कपाटांच्या किल्ल्या कधी मिळणार, ओळखपत्रं कुठं, गाड्या कुठं लावायच्या, डॉक्टरीणबाई कोणत्या वारी येणार, हे सगळं त्यात. मुलांच्या स्वागताला फुगे असतात, भाषणं असतात. शिकवणाऱ्यांचं स्वागत एवढ्या एका कागदावर भागतं.

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "निर्मलाताई, नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा." गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले आणि एकच माणूस सारखा डोळ्यांपुढे येतोय. त्यामुळे आधी गमती सांगून टाकते, म्हणजे संपादकांचा शब्द राहील.

मी लिंबायतची, म्हणजे सुरतेतल्या मराठी वस्तीतली. वडील शिरपूरकडून कापडाच्या लूमवर कामाला आले आणि इथलेच झाले. माझं शिक्षण नगरपालिकेच्या मराठी शाळेत झालं. पुढे गुजराती कॉलेजच्या ऑफिसात चिकटले, ती आस्थापना विभागात. आस्थापना म्हणजे माणसांचं खातं. पगार सोडून माणसाचं जे जे असतं, म्हणजे रजा, बढती, बदली, आजारपण, ते सगळं आमच्या टेबलावर. प्राध्यापक रजेच्या अर्जासाठी माझ्यापुढे उभे राहतात हे कळल्यावर माझी आई अहिराणीत म्हणाली होती, "मास्तरस्ना मास्तर शेस का व तू?" मी हो म्हणून टाकलं.

पहिल्या वर्षी परिपत्रक हातानं लिहायला दिलं. गुजराती अक्षर मला येत होतं, पण हाताला सवय मराठीची. प्रत्येक ओळीवर मी छान शिरोरेषा ओढली. गुजरातीत ती नसते. हेडक्लार्कनी कागद वर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आ उपर लीटी शेनी दोरी छे, बेन? कपडां सूकववानां छे?" कपडे वाळत घालायला दोरी बांधली का, असं ते विचारत होते. आठवडाभर ऑफिसात कोणीही आलं की रुमाल काढून माझ्या कागदावर वाळत घातल्यासारखं करायचं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी बाहेरच्यांना माहीत नसते. कोणत्याही ऑफिसात परिपत्रक नव्यानं लिहिलं जात नाही. गेल्या वर्षीचं काढायचं, तारखा बदलायच्या, नावं बदलायची, सहीला पाठवायचं. हा आळस नव्हे, शहाणपण आहे. गेल्या वर्षीच्या कागदावर साहेबांनी सही केलेली असते, म्हणजे यंदाही करतील. फक्त बदलायचं काही राहून गेलं तर फजिती होते. एकदा "अभिनंदन" या सदरात ग्रंथालयातल्या हितेशभाईंना मुलगी झाल्याची बातमी होती. ती पुढच्या जूनमध्येही तशीच गेली. लोकांनी पेढे मागितले. सुरती माणूस पेढे मागितल्यावर कारण विचारत बसत नाही, हितेशभाईंनी आणून वाटले. पण त्यांच्या बायकोची मावसबहीण आमच्याच कॉलेजात शिकवायची. तिनं कागद वाचून बहिणीला फोन लावला की आम्हाला कळवलंसुद्धा नाहीस. दुसऱ्या दिवशी हितेशभाई माझ्या टेबलाशी आले. "बेन, छोकरी एक ज छे. घरमां झघडो थई गयो." मुलगी एकच आहे आणि घरात भांडण पेटलंय, हे ते इतक्या गरीब चेहऱ्यानं सांगत होते की मला हसूही आवरेना आणि माफीही मागता येईना.

स्टाफरूममधल्या पंख्याखालच्या खुर्चीवरून दर जूनमध्ये होणारं युद्ध मी सांगत नाही, त्यातली दोन्ही पात्रं अजून नोकरीत आहेत. रसायनच्या प्रयोगशाळेतल्या रमणभाईंचं सांगते. अंगठा टेकवून हजेरी लावायचं यंत्र आलं आणि त्यानं रमणभाईंना ओळखायला साफ नकार दिला. जन्मभर आम्लं हाताळून बोटावरच्या रेघा गेल्या होत्या. माणूस सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, आणि यंत्राच्या लेखी तो महिनाभर गैरहजर. ते रोज यंत्रापुढे उभे राहून अंगठा पुसत, फुंकर घालत. शेवटी त्यांच्यासाठी सहीचा कागद पुन्हा सुरू करून घेतला, तेव्हा कुठं ते कामावर येऊ लागले असं म्हणता येईल.

झाल्या गमती.

आता वानखडे सर. ते भौतिकशास्त्राचे, मूळ अकोल्याकडचे. उंच, सावळे, इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. पत्नी बरीच वर्षं अंथरुणावर होती, त्या काळात रजेचे सगळे नियम त्यांना पाठ करावे लागले. ती गेल्यावर ते नियम तेवढे डोक्यात राहिले. मग कोणाला काही अडलं की लोक त्यांच्याकडे जायला लागले. एका नव्या मॅडमचा नवरा दवाखान्यात होता. रजा शिल्लक नाही म्हणून त्या राजीनामा लिहून घेऊन आल्या होत्या. सरांनी तो कागद काढून घेतला, त्यांना समोर बसवलं आणि बिनपगारी रजेचा नियम समजावून अर्ज लिहवून घेतला. त्या मॅडम आज विभागप्रमुख आहेत. तेव्हाच्या प्राचार्यांच्या हे कानावर गेलं आणि परिपत्रकात शेवटचं एक कलम वाढलं: रजा व सेवाविषयक मार्गदर्शन, प्रा. वानखडे, दर शनिवारी, स्टाफरूम.

सर निवृत्त झाले त्या जूनमध्ये मी नेहमीप्रमाणे जुना कागद काढला. निवृत्तांच्या यादीत त्यांचं नाव घातलं, आणि शेवटचं कलम तसंच राहिलं. एकाच कागदात वर त्यांना निरोप आणि खाली त्यांना शनिवारची ड्युटी. सही झाली, कागद फळ्यावर लागला, आणि एकालाही ते दिसलं नाही. सरांना दिसलं. ते पेन्शनच्या कामाला आले होते. पहिल्या शनिवारी बघते तर स्टाफरूममध्ये आपल्या जुन्या जागी बसलेले, समोर नियमांचं पुस्तक.

मी चूक सांगायला गेले. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "काहून हो निर्मलाताई, उशीर झाला का मले? कामरेजहून बस लवकर भेटत नाही." निवृत्त होतानाच त्यांनी सुरतेबाहेर कामरेजला छोटं घर घेतलं होतं. लेक इंदूरला. घरात दुसरं कोणी नाही. त्यांचा चेहरा इतका खुललेला होता की मी म्हटलं, "नाही सर, वेळेवर आलात. चहा सांगते." पुढच्या जूनमध्ये ते कलम चुकून राहिलं नाही, मी ठेवलं. त्याच्या पुढच्याही.

दर शनिवारी दुपारी काम आवरलं की मी दोन चहा घेऊन स्टाफरूममध्ये जायचे. मी खानदेशी बोलायचे, ते वऱ्हाडी. मी भरताची वांगी कोणती ते सांगायचे, ते म्हणायचे, "तुमच्या त्या भरतात तेल किती बाप्पा!" माझ्या आईच्या गोष्टी, त्यांच्या पत्नीच्या गोष्टी. कधी काहीच नाही, ते पेपर वाचायचे आणि मी चहा संपवायचे. बाहेर मुलांचा गलका आणि आत आमची दोन तऱ्हांची मराठी.

कोणी म्हणेल, सुरतेत मराठी माणसाचा काय तोटा? खरं आहे. लिंबायतच्या गल्लीत उभं राहिलं की दहा दारांतून अहिराणी ऐकू येते. पण त्या गल्लीत मी आता कॉलेजवाली बाई झाले होते. भावाची मुलं मला हिंदीत उत्तर देतात. आई गेल्यावर मी पर्वत पाटिया भागात फ्लॅट घेतला. शेजार चांगला आहे, साडीबाजारातली माणसं, सकाळी जातात ती रात्री येतात. ऑफिसात दिवसभर गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी, आणि घरी बोलायला कोणी नाही. आठवडाभरात माझ्या तोंडून मराठी निघायची ती देवापुढे दिवा लावताना. लग्न केलं नाही याचं मला कधी फारसं वाटलं नव्हतं. आई गेल्यावर वाटायला लागलं. त्यामुळे शनिवारची मी वाट बघायचे, हे सांगायला आता लाज कसली. पण तेव्हा मी स्वतःला सांगायचे, सरांना एकटं वाटू नये म्हणून मी जाते. आपण नाही गेलो तर त्या बिचाऱ्या माणसाकडे कोण जाणार?

कारण मार्गदर्शनाला येणारी माणसं हळूहळू कमी होत गेली. रजा फोनवरून टाकता येऊ लागली. किती शिल्लक, कोणती जोडून घेता येते, सगळं फोनच सांगायचा. नव्या प्राध्यापकांना मी मुद्दाम सांगायचे, वानखडे सरांना विचारा. ते हो बेन म्हणून निघून जायचे. एकदा इंग्रजीचा एक नवा प्राध्यापक माझ्या आग्रहाखातर गेला. सरांनी त्याला अर्धा तास अर्जित रजा समजावली. तो एक डोळा फोनवर ठेवून ऐकत होता. पण सर त्या दिवशी इतके खूश होते की माझ्यासाठी कँटीनमधून खमण मागवलं.

मग नवे प्राचार्य आले. त्यांच्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही. उत्साही, कामाचा उरक दांडगा. त्यांनी ठरवलं की आता कागद बंद. सत्र सुरू होताना कर्मचाऱ्यांसाठीच्या बातम्या आणि सोयी सगळ्या फोनवरच्या ॲपमध्ये येतील. सुट्टी संपता संपता त्यांनी सगळ्या विभागांना बसवलं. भिंतीवर माझं गेल्या वर्षीचं परिपत्रक मोठं करून दाखवलं आणि एकेक कलम घेतलं. हे वापरात आहे का? ठेवा. हे कोणी वापरत नाही? काढा. मी खाली बघून चाललेलं ऐकत होते. आधीच चार दिवस मला धड झोप नव्हती. हे कलम गेलं तर सरांना कॉलेजात यायला कारण उरत नव्हतं, आणि काम नसताना कुठं जाऊन बसणारा तो माणूस नव्हता.

शेवटचं कलम आलं. प्राचार्यांनी ते मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, "आ वानखडे साहेब तो निवृत्त थई गया ने?" कोणीतरी हो म्हणालं. "तो निर्मलाबेन, आ सेवानो लाभ कोण ले छे?"

या सोयीचा लाभ घेतं कोण? मी चार नावं तयार ठेवली होती. सांगितली असती तर कदाचित चाललंही असतं. पण त्यातलं एकही खरं नव्हतं, आणि ते सगळे लोक समोरच बसले होते. मी म्हटलं, "हुं लउं छुं, साहेब." मी घेते.

मग प्राचार्य म्हणाले, "तमे? आखी कॉलेजने रजाना नियम तो तमे शीखवाडो छो!" अख्ख्या कॉलेजला रजेचे नियम तर मीच शिकवते, यावर सगळे हसले. मीही हसले, काय करणार? माझ्या हसण्यातच ते कलम पुसलं गेलं. ते भल्या आवाजात पुढे म्हणाले की सरांना यायला कोणी अडवणार नाही, ते कधीही येऊ शकतात. एवढंच की फाटकावर पाहुण्यांना यंत्रात नाव, कोणाला भेटायचं आणि काय काम ते सांगावं लागेल. मी उठले आणि प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून रडले. सरांच्या वाटचं रडतेय असंच मला वाटत होतं.

त्यांना फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. सत्राच्या पहिल्या शनिवारी मी फाटकाशीच उभी राहिले. सर बसमधून उतरून आले, तोच बुशशर्ट, काखेत नियमांचं पुस्तक. रखवालदार नवा होता. त्यानं यंत्र पुढे करून विचारलं, "काम शुं छे, काका?" सरांनी माझ्याकडे बघितलं. जन्म ज्या फाटकातून आतबाहेर करण्यात गेला तिथं त्यांना काका म्हणून थांबवलं होतं. मी त्याला म्हटलं, "मारा महेमान छे," आणि त्यांना कँटीनमध्ये घेऊन गेले.

चहा आला. मी सगळं सांगितलं. ॲपचं सांगितलं, बैठकीचं सांगितलं. पहिल्या वर्षी ते कलम चुकून राहिलं होतं हेही सांगून टाकलं. फक्त मी काय उत्तर दिलं ते सांगितलं नाही. सरांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

"ते चुकून राहिलं ते मले पहिल्याच दिवशी समजलं होतं," ते म्हणाले. "निवृत्त माणसाले कोण ड्युटी देते?"

"मग सर, तुम्ही इतक्या लांबून, उन्हातान्हात..."

"पहिल्या दिवशी तुम्हाले सांगाले आलो होतो, का कलम खोडा म्हणून. उशिराचं ते मी गमतीनं म्हटलं. पण तुम्ही चहा सांगितला आन् बसून बोलाले लागल्या. तुमची आई नुकतीच गेली होती. मी म्हटलं, बाईले घरी बोलाले कोणी नाही, एवढं एक दिवस येत जाऊ." त्यांनी पुस्तक उगाचच सरळ ठेवलं. "माझं काय हो, मी बसीन घरी. तुमचं कसं होईन आता शनिवारी? कोणाशी बोलसान?"

घरी कामं खूप असतात, शनिवार कसा जातो कळतसुद्धा नाही, असं काहीतरी मी बोलले. ते "बरं, बरं" म्हणाले. मी त्यांना बसपर्यंत पोचवलं. इतकी वर्षं मी त्यांना सांभाळत होते असं धरून चालले होते. एका माणसानं माझ्यासाठी दर आठवड्याला कामरेजहून यावं, आणि मला त्याचा पत्ताही नसावा, याचं मला अजून वाईट वाटतं. कामरेजला जावं असं पुष्कळदा मनात आलं. पण एकट्या बाईनं एकट्या गृहस्थाकडे दर शनिवारी जायचं म्हणजे त्यांच्या सोसायटीत काय बोललं जाईल, हाच विचार करत राहिले. तेवढ्यात लेकीनं त्यांना इंदूरला नेलं. नंतर मीही निवृत्त झाले. ॲप उत्तम चालतं असं ऐकते.

सरांचा फोन येतो, शनिवारीच. पहिल्यांदा आला तेव्हा मी पुन्हा पुन्हा विचारत होते, तब्येत कशी आहे, जेवण जातं का. पलीकडून काही उत्तरच नाही. मग लेकीनं फोन घेऊन सांगितलं, "मावशी, बाबांना आता अजिबात ऐकू येत नाही. कानाचं यंत्रसुद्धा लावत नाहीत. पण आज शनिवार ना, म्हणून फोन लावून दे म्हणतात." तिनं फोन पुन्हा त्यांच्या हातात दिला.

"निर्मलाताई," सर मोठ्यानं म्हणाले, "मले काही आयकू येत नाही. पण मी फोन कानाले लावून बसलो आहो. तुम्ही बोला."

मग मी बोलते.